हात बसला?

‘मोडेन पण वाकणार नाही’ हे आमच्या ह्यांचं ब्रीद. मग एक दिवस मोडलेही आणि वाकताही येईना, तेव्हा ते ब्रीद गुंडाळून माळ्यावर टाकावं लागलं.

हे आणि माझा धाकटा दीर मिळून लोकांचं सामान हलवतात. कुणी घर बदललं की ह्या दोघांना बोलावणं येतं. कपाटं, पलंग, फ्रिज, एकदा तर चौथ्या मजल्यावरून पियानो. दीर अंगाने डोंगराएवढा, म्हणून सगळे त्याला बारक्या म्हणतात. हे त्याच्या खांद्याला लागतात, पण जिन्यात हे वरच्या टोकाला आणि बारक्या खालच्या टोकाला, असं पहिल्या दिवसापासून ठरलेलं. वरच्याला सगळं दिसतं, खालच्याच्या तोंडापुढे नुसतं लाकूड. म्हणून बोलायचं वरच्याने. हे विचारणार, “हात बसला?”, म्हणजे पकड पक्की झाली का. बारक्या खालून म्हणणार, “बसला.” मग हे म्हणणार, “घे.” की वस्तू उचलली. उत्तर आल्याशिवाय ‘घे’ म्हणायचं नाही, आणि ‘घे’ म्हटल्याशिवाय कुणी बोटभरही उचलायचं नाही. दोघा भावांत एरवी कशावरूनही भांडण होतं, ह्यावरून कधी झालं नाही.

मी आमच्याच इमारतीच्या तळमजल्यावर, जिन्याला लागून असलेल्या गाळ्यात बॅगा दुरुस्त करते. चेन बिघडली, पट्टा उसवला, चाक निखळलं की लोक माझ्याकडे येतात. म्हणजे घरात एक धंदा प्रवासाला निघालेल्यांचा आणि एक घर सोडणाऱ्यांचा, आणि आम्ही मात्र लग्न झाल्यापासून त्याच तिसऱ्या मजल्यावर.

त्या दिवशी जवळच एकांचं कपडे धुण्याचं मशीन हलवायचं होतं. खाली रस्त्यात कुणीतरी भोंगा वाजवून वाजवून गाडी काढायला लावली, म्हणून बारक्या गाडी काढायला गेला. ह्यांना वाटलं, तोवर मशीन दारापर्यंत तरी सरकवू. विचारायला समोर कुणी नव्हतं, म्हणून ह्यांनी विचारलं नाही. उचललं, आणि तिथेच लादीवर आडवे झाले. मला निरोप मिळाला तेव्हा माझ्या हातात चामड्याला भोकं पाडायची आरी होती, ती तशीच घेऊन मी धावले. पोचले तर हे कुशीवर पडून घरमालकिणीची माफी मागत होते, तिच्या लादीवर पडल्याबद्दल.

डॉक्टर म्हणाले, मणक्यांमधली चकती सरकली आहे. कापाकापी नको, बरं होईल. पण पुन्हा असाच झटका बसला तर पायातली ताकद जाईल, आणि मग कापण्याशिवाय उपाय नाही. हे ऐकताना ह्यांनी मान डोलावली. ह्यांचं मान डोलावणं मला चांगलंच ठाऊक आहे. त्याचा अर्थ, ऐकू आलं, एवढाच.

घरी आल्यावर साहेबांनी पलंग धरला तो सोडेचनात. काम करायचे तेव्हा जीव तोडून, आता विश्रांतीही जीव तोडून. भेटायला येणारा प्रत्येक जण सांगून जाई, हलू नका. ह्यांनी ते इतकं मनावर घेतलं की डास बसला तरी मला हाक. दाढी वाढली, आवाज बारीक झाला, आणि उठून बसवलं की पहिल्या दिवसापेक्षा जास्त दुखायला लागलं. शेवटी डॉक्टरांनी व्यायामवालीकडे पाठवलं.

व्यायामवाली आमच्या लेकीहून चार-पाच वर्षांनीच मोठी असेल. केस वर बांधलेले, पायात कापडी बूट. तिने ह्यांना बघितलं आणि विचारलं, “काका, दिवसभर काय करता?”

“आराम,” हे अभिमानाने म्हणाले.

“तो बंद करायचा.”

ह्यांना वाटलं, आपली सुटका झाली. पण तिचं पुढचं वाक्य होतं, “आणि कामही नाही करायचं. थोडं चालायचं, थोडं बसायचं, थोडं आडवं व्हायचं. कशातच फार वेळ नाही. थोडंफार दुखेल, त्याला घाबरायचं नाही. कळ पायात उतरायला लागली तर मात्र थांबायचं.”

हे माझ्याकडे बघायला लागले. ‘थोडं’ हा शब्द ह्यांना कुणी कधी शिकवलाच नव्हता. आमच्याकडे भाजीसुद्धा एक तर पिशवीभर येते, नाहीतर येतच नाही.

मग तिने हलण्याआधी पोट कसं आवळायचं ते दाखवलं. ह्यांना जमेना. पोट आवळा म्हटलं की श्वास कोंडायचे आणि टोमॅटोसारखे लाल व्हायचे. ती म्हणाली, “काका, जड वस्तू उचलण्याआधी काय करता, ते आठवा.” झालं. बाजूच्या पलंगावर मान धरलेल्या एक आजी पडल्या होत्या, आणि ह्यांनी आधारासाठी त्या पलंगाच्या कडेला हात टेकले होते. ह्यांनी डोळे मिटले, गुडघे सैल सोडले आणि खड्या आवाजात विचारलं, “हात बसला?” आजी बिचाऱ्या सभ्य. कुणी काही विचारलं की उत्तर द्यावं, म्हणून म्हणाल्या, “बसला हो.” हे म्हणाले, “घे,” आणि आजींचा पलंग पायथ्याकडून चार बोटं वर गेला.

पलंग खाली आला, आजी म्हणाल्या की त्यांना उलट बरं वाटलं, पण ह्यांच्या पायात कळ गेली ती गेलीच. परतीच्या वाटेवर भिंतीला धरून उभं राहावं लागलं. निघताना व्यायामवाली मला बाजूला घेऊन म्हणाली, “काकू, ह्यांची जीभ आणि हात एकाच बटणावर आहेत. सांभाळा.”

त्या दिवसापासून मी ‘घे’ हा शब्दच घरातून हद्दपार केला. चहा देतानासुद्धा म्हणायचे, “हा तुमचा चहा.” उगीच कशाला परीक्षा बघा.

आता ह्यांना थोडं थोडं हलवायचं कसं? नुसतं ‘चाला’ म्हटलं तर हे नदीच्या पुलापर्यंत जाऊन परत यायचे आणि संध्याकाळी कण्हायचे. म्हणून मी युक्ती काढली. कोपऱ्यावर शिवणाच्या सामानाचं दुकान आहे. सकाळी मी म्हणायचे, “अहो, काळं रीळ संपलंय.” हे जाऊन रीळ आणायचे, जरा टेकायचे. मग मी म्हणायचे, “अगंबाई, बक्कल राहिलंच की.” हे पुन्हा जायचे. दुपारी चेनचा रनर, संध्याकाळी सुया. आणलेल्या सुया मी खणात लपवून दुसऱ्या दिवशी परत मागवायचे. मधल्या वेळात हे माझ्या गाळ्यात स्टुलावर बसून चेनमध्ये रनर ओवून द्यायचे, आणि एक ओवला की उठून दारापर्यंत जाऊन यायचं, असा नियम केला होता. हात चांगला आहे ह्यांचा. फक्त गिऱ्हाईक बॅग घेऊन आलं की हे पुढे होत, आणि मला शिलाई सोडून मध्ये पडावं लागे.

पुढच्या आठवड्यात दुकानदार मला रस्त्यात भेटला. चेहरा सुतकी. म्हणाला, “वहिनी, काळजी घ्या. हल्ली औषधं चांगली निघाली आहेत विसरण्यावर.” आता मी काय सांगणार होते? म्हटलं, “कसली औषधं?” आणि पुढे गेले. नवऱ्याच्या पाठीसाठी मी आख्ख्या गल्लीत विसरभोळी ठरले, आणि हे त्या दुकानदाराला सांगायचे, “काय करणार, वय झालं तिचं.” पण चालणं सुधारलं. भिंत सुटली. एके दिवशी हे जिन्यात शीळ घालत वर गेले, आणि मी गाळ्यात शिलाईमशीनवर बसल्या बसल्या डोळे पुसले. बरं वाटलं, दुसरं काही नाही.

तिकडे बारक्याचे हाल चालले होते. ह्यांच्या जागी त्याने एक माणूस घेतला होता, चांगला धडधाकट. पण तो आपला ‘एक, दोन, तीन’ मोजून उचलायचा. बारक्याचे हात मोजून उठतच नाहीत. तो तीन म्हणायचा आणि हा कुणीतरी विचारेल म्हणून वाट बघत उभा. संध्याकाळी येऊन माझ्यासमोर बसायचा.

“वहिनी, माणूस वाईट नाही. पण विचारतच नाही काही.”

“मग तू सांग ना त्याला, विचार म्हणून.”

“सांगितलं. म्हणतो, विचारायचं काय, हात आहेत तर बसणारच.” मग ह्यांच्याकडे बघून म्हणायचा, “दादा, तू लवकर बरा हो बुवा. मोजणीवाल्याबरोबर मी कुठेतरी पोहोचणार, पण कपाटाखालून.”

ह्यात लेकीची नोकरी आली. परगावी. महिन्याच्या शेवटी निघायचं होतं. तिथे दोन खोल्या मिळाल्या होत्या, आणि पोरीने पहिल्याच दमात सांगून टाकलं, “मी माझं कपाट नेणार.”

हे कपाट म्हणजे ह्यांनी तिला दिलेली पहिली मोठी वस्तू. कुणाचं तरी सामान हलवताना ते मालकाने टाकून दिलं होतं, दार लागत नाही म्हणून. ह्यांनी ते आणलं, बिजागरी बदलली, हिरवा रंग दिला आणि तिसऱ्या मजल्यावर चढवलं. पोरगी तेव्हा शाळेत जायला लागली होती. खालच्या खणात टॉर्च घेऊन बसायची आणि दार ओढून घ्यायची. जेवायला बोलावलं की आतून आवाज यायचा, “मी घरी नाही.” दार अजूनही लागताना कुरकुरतं. ह्यांनी त्याला कधी तेल लावू दिलं नाही. पोरगी घरात कुठे आहे ते कळतं, म्हणायचे.

ती नेणार म्हटल्यावर हे लगेच म्हणाले, “माझ्या हातांनी वर आलंय, माझ्याच हातांनी खाली जाईल.”

रात्री भांडी पुसताना पोरगी मला हळूच म्हणाली, “आई, मी तिकडे घडीचं कपाट घेते. हे राहू दे इथेच.” बाहेरच्या खोलीत ह्यांनी ते ऐकलं. दुसऱ्या दिवशी रीळ आणायला सांगितलं तर म्हणाले, “लेकीला सांग. मी काय, आता शोभेचा.” दिवसभर पलंगावर भिंतीकडे तोंड करून पडून राहिले. इतक्या दिवसांची मेहनत एका वाक्याने पाण्यात जाते की काय, असं मला झालं.

दोन दिवसांनी दुपारी मी कात्री घ्यायला वर आले. दार नुसतं लोटलेलं होतं. आतून, पोरीच्या खोलीतून, ह्यांचा आवाज आला. अगदी हळू.

“हात बसला?”

मी उंबऱ्यात थिजले. मग पुन्हा आला. “हात बसला?”

पुढे होऊन बघितलं. हे कपाटासमोर गुडघे वाकवून उभे, दोन्ही हात खालच्या फळीखाली गेलेले. बोलावं तर दचकून उचलतील, न बोलावं तर तसेही उचलतील. मी श्वाससुद्धा घेतला नाही. हे तसेच उभे राहिले, मग हात काढून घेतले आणि पोरीच्या खुर्चीत बसले.

“उत्तर आलं नाही,” हे मला म्हणाले. मी आल्याचं त्यांना कळलं होतं की नाही, कोण जाणे.

मग मी तोंड सोडलं. सुंभ जळाला तरी पीळ जात नाही, इथपासून जे सुरू झाले ते आजींच्या पलंगापर्यंत आले. हे मुकाट ऐकत होते, आणि ह्यांनी उलट उत्तर दिलं नाही म्हणून मला आणखी राग आला.

“आणि उत्तर आलं असतं तर?” मी विचारलं.

“तर उचललं असतं.”

“आणि मग?”

ह्यांचा हात आपसूक कमरेकडे गेला. माझा राग तेवढ्यात संपला आणि त्याच्या खालचं वर आलं. मी म्हटलं, “मला भीती वाटते हो. तुम्हाला त्या लादीवर पडलेलं मी एकदा पाहिलंय. पुन्हा नाही बघवणार माझ्याच्याने.”

“मला पण नाही पडायचं गं,” हे म्हणाले. “पण पोरगी घर सोडून जाणार, तिचं कपाट परके लोक उतरवणार, आणि मी बाजूला पाण्याची बाटली धरून उभा? मग मी कोण?”

“बाप.”

“बाप काय, सगळ्यांनाच असतो.”

मी म्हटलं, तुम्ही वर उभं राहून नुसतं विचारा, उचलतील ते दोघं. हे हसले, पण ते हसू काही खरं नव्हतं. “उंटावरून शेळ्या हाकू म्हणतेस? आणि मी एकदा बोललो की हे हात ऐकतील का?” हे आपल्या हातांकडे बघून म्हणाले. “त्या आजींना विचार.”

ते खरंच होतं. शेवटी ह्यांनी स्वतःच कबूल केलं की त्या दिवशी आपण दारात उभं राहायचं, तोंड बंद, हात पाठीमागे. तसं वचन दिलं. पण दुसऱ्या दिवसापासून शीळ बंद झाली. रीळ आणायला जायचे, आणायचे, आणि काही न बोलता ठेवून द्यायचे.

निघायच्या दिवशी सकाळी बारक्या आणि मोजणीवाला आले. पोरीचं किडूकमिडूक आधीच खाली गेलं होतं. मी तिच्या तिन्ही बॅगांना नव्या चेन लावल्या होत्या, आणि खरं तर जुन्या अजून चांगल्या होत्या. मोजणीवाला वरच्या टोकाला लागला, बारक्या खाली. हे ठरल्याप्रमाणे दारात, हात पाठीमागे. मी त्यांच्या शेजारी, पहारेकऱ्यासारखी.

आमच्या जिन्याला तिसऱ्या आणि दुसऱ्या मजल्याच्या मध्ये एक वळण आहे. तिथे उंच वस्तू सरळ फिरत नाही. तिरकी करून, कठड्याच्या वर उचलून मग वळवावी लागते. मोजणीवाल्याने भराभर मोजलं, “एक, दोन, तीन,” आणि आपलं टोक उचललं. बारक्या नेहमीप्रमाणे वाट बघत राहिला. कपाट वाकडं झालं, त्याचा मागचा पाय कठड्याच्या दोन गजांमध्ये जाऊन बसला, आणि सगळा भार बारक्याच्या छातीवर आला.

पोरगी दुसऱ्या मजल्यावरून वर बघत होती. म्हणाली, “काका, राहू दे ते. खाली ठेव.”

“ठेवू कुठे?” बारक्याचा आवाज लाकडामागून आला. “टेकवायला जागा हवी ना.” त्याचा एक पाय पायरीच्या अगदी कडेला होता. मोजणीवाल्याने पुन्हा मोजलं. पुन्हा तेच. कपाट गजात आणखी घट्ट बसलं आणि बारक्या कण्हला.

“दादा,” तो म्हणाला, “तूच विचार.”

मी शेजारी बघितलं तर हे शेजारी नव्हतेच. दोन पायऱ्या उतरून गेले होते. हात पाठीमागून पुढे आले होते आणि बोटं उघडली होती. कपाटाची वरची कड ह्यांच्यापासून हातभर. विचारलं नाही तर बारक्या जातो. विचारलं तर ह्यांची पाठ जाते. ह्यांनी वळून माझ्याकडे बघितलं. उभ्या आयुष्यात ह्या माणसाने माझ्याकडे मदत मागितलेली नाही, पण ती बघण्याची रीत मला कळली.

आजींचा पलंग मला नेमका तेव्हा आठवला, आणि व्यायामवालीचं ते बटण. मी पायऱ्या उतरले, ह्यांच्या आणि कपाटाच्या मध्ये शिरले, कपाटाकडे पाठ केली आणि ह्यांचे दोन्ही हात माझ्या दोन्ही हातांत घेतले. बोटांत बोटं अडकवून, घट्ट.

“हं. आता विचारा.”

“अगं, हे काय करतेस? लोक बघताहेत.” दुसऱ्या मजल्यावरचं दार खरंच उघडलं होतं.

“बघू देत. लग्न झालंय आपलं. विचारा.”

खालून बारक्या म्हणाला, “लवकर काय ते ठरवा.”

ह्यांनी माझ्या डोक्यावरून कपाटाकडे बघितलं. पोट आवळलं, गुडघे सैल सोडले, सगळं व्यायामवालीने शिकवलेलं. मग तो आवाज आला, जो मी ह्या दुखण्यात ऐकलाच नव्हता.

“हात बसला?”

“बसला,” बारक्या म्हणाला. जरा थांबून मोजणीवालाही म्हणाला, “बसला.”

“घे.”

आणि माझे दोन्ही हात वर गेले. नुसते वर नाही, मी चवड्यांवर आले. त्या कपाटासाठी ह्यांनी जेवढी ताकद राखून ठेवली होती, ती सगळी माझ्या दहा बोटांत आली. माझ्या मागे गजाला लाकूड घासल्याचा आवाज झाला आणि थांबला. मला कपाट दिसत नव्हतं, मला फक्त ह्यांचं तोंड दिसत होतं. पण त्यावरून कळत होतं, कपाटाचा पाय गजातून सुटला, कड कठड्यावर आली, फिरली.

“बारक्या, उजवा खांदा खाली. तुम्ही वर थांबा. अजून जरा. आता टेकव.”

कपाट वळणावर नीट टेकलं. माझे हातही खाली आले. मी ह्यांना विचारलं, “पायात कळ?” हे म्हणाले, “नाही.” पुन्हा विचारलं, कारण एका ‘नाही’वर मी विश्वास ठेवत नाही. हे म्हणाले, “नाही गं, तूच पिसासारखी हलकी आहेस.” ही थाप होती, पण मी ती घेतली.

पुढचं प्रत्येक वळण तसंच. कपाट पुढे, आम्ही मागे. वळण आलं की मी समोर उभी राहायचे, हात द्यायचे, हे विचारायचे, खालून दोन उत्तरं यायची, आणि कपाटाबरोबर मीही थोडी उचलली जायचे. पहिल्या मजल्यावर मोजणीवाला म्हणाला, “हे बरं आहे हो, मोजण्यापेक्षा.” बारक्या त्याला म्हणाला, “दोन महिने काय सांगत होतो?” शेजारपाजारचे दारात येऊन बघत होते. मला आधी लाज वाटली, मग वाटेनाशी झाली.

कपाट गाडीत चढलं. दोर बांधताना त्याचं दार कुरकुरलं, आणि हे आणि पोरगी दोघंही एकदम तिकडे बघायला लागले.

ती ह्यांच्यासमोर येऊन उभी राहिली. “बाबा, तुम्ही उतरवलंत.”

“मी कुठे? मी तुझ्या आईला उचललं.”

ती हसली आणि हसता हसता रडायला लागली. ह्यांच्या गळ्यात पडायला निघाली आणि मध्येच थांबली, पाठीला लागेल म्हणून. हे म्हणाले, “ये. थोडं चालतं.” तेव्हा ती हळूच बिलगली, आणि ह्यांनी तिच्या केसांवरून हात फिरवला. मला जवळ घेऊन ती कानात म्हणाली, “बाबांना सांभाळ. आणि त्या सुया आता परत मागवू नकोस, खण भरलाय.” म्हणजे घरात सगळ्यांना माहीत होतं. ह्यांनाही.

गाडी निघाली. बारक्याने खिडकीतून हात हलवला, पोरीने हलवला, गाडी कोपऱ्यावरच्या दुकानाशी वळली. आम्ही रस्त्याच्या कडेला उभे. गाळ्याचं दार अर्धं उघडं होतं, वर तीन मजले होते आणि त्यातली एक खोली आता रिकामी. मला वाटलं होतं मी रडेन, पण आधी हेच रडले. लपवलं नाही, पुसलंही नाही. मी ह्यांचा हात तेवढा धरला.

बऱ्याच वेळाने हे जिन्याकडे वळले. पहिल्या पायरीशी थांबले, माझ्याकडे न बघता खाकरले, आणि हळू आवाजात विचारलं,

“हात बसला?”

“बसला,” मी म्हटलं.

‘घे’ म्हणायची गरज पडली नाही. आम्ही हळूहळू चढलो, प्रत्येक वळणावर जरा थांबत.